यादीवरून आलेला माणूस पक्ष सोडून गेला तर जागा कुणाची? वेल्सच्या मोहम्मद अस्गर यांचं प्रकरण

परदेशातल्या राजकारणात मोठा झालेला स्थलांतरिताचा मुलगा म्हटलं की मराठी माणसाला आधी लिओ वराडकर आठवतात. मालवण तालुक्यातलं वराड, डॉक्टर वडील, डब्लिनजवळच्या फिंगल कौन्सिलमधून सुरुवात आणि २०१७ ला थेट आयर्लंडचे पंतप्रधान. ही गोष्ट आता इतक्या वेळा वाचून झालीय की पाठ आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातून शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही. त्यापेक्षा वेल्समधलं एक प्रकरण घेऊ, माणूस कमी प्रसिद्ध आहे पण आपल्याकडे २०२२ आणि २०२३ ला जे काय बघितलं त्यानंतर हे प्रकरण वाचताना जास्त मजा येते.

मोहम्मद अस्गर. न्यूपोर्टमध्ये सगळे ऑस्कर म्हणायचे. जन्म ३० सप्टेंबर १९४५, पेशावर, म्हणजे फाळणीच्या दोन वर्षं आधीचा. शिक्षण तिकडचंच, तरुणपणी ब्रिटनला आले, साउथ वेल्समधल्या न्यूपोर्टला स्थिरावले आणि अकाउंटंट म्हणून स्वतःची प्रॅक्टिस चालवली. विमान उडवायचं लायसन्सही होतं त्यांच्याकडे, हौशी माणूस. राजकारणात उशिरा आले, २००४ ला न्यूपोर्ट सिटी कौन्सिलवर निवडून आले तेव्हा वय ५८. आपल्याकडे या वयात नगरसेवक मुलासाठी वॉर्ड शोधायला लागतो.

न्यूपोर्ट म्हणजे बंदर आणि पोलादाचं गाव. लॅनवर्नच्या कारखान्यात २००१ ला पोलाद बनवणं बंद झालं, पुढच्याच वर्षी गावाला शहराचा दर्जा मिळाला, म्हणजे पाटी लागली आणि पोटापाण्याचं काय ते विचारू नका. लेबर पार्टीचा बालेकिल्ला. आणि अस्गर निवडून आले ते लेबरकडून नाही, टोरींकडूनही (म्हणजे कॉन्झर्वेटिव्ह पक्षाकडूनही) नाही, तर प्लाइड कम्रीकडून. हा वेल्सच्या अस्मितेचा पक्ष, वेल्श भाषेचा, पुढे जाऊन स्वतंत्र वेल्स मागणारा, आणि त्याचा जोर उत्तर-पश्चिमेच्या वेल्श बोलणाऱ्या पट्ट्यात. न्यूपोर्टसारख्या इंग्रजी बोलणाऱ्या औद्योगिक शहरात या पक्षाचं वजन तसं थोडंच.

मग पेशावरचा अकाउंटंट तिथे कसा काय पोचला? माझा अंदाज असा की दोघांचीही गरज होती. लेबरमध्ये आधीपासून बसलेल्यांची रांग लांब, तिथे नव्या माणसाला नंबर लागेपर्यंत म्हातारपण येतं. त्यात इराक युद्ध नुकतंच झालेलं, ते केलं लेबरच्या ब्लेअर सरकारने, प्लाइडने विरोध केलेला, त्यामुळे मुस्लिम मतदार तेव्हा लेबरवर चिडलेले होते. आणि प्लाइडला दाखवायचं होतं की आम्ही फक्त वेल्श बोलणाऱ्यांचा पक्ष नाही, पेशावरहून आलेला माणूसही आमच्याकडे वेल्श होऊ शकतो. असा सौदा राजकारणात रोज होतो आणि त्यात काही वाईट नाही, फक्त सौदा आहे हे दोघांनी लक्षात ठेवावं लागतं.

स्कॉटलंडमध्ये जवळपास त्याच काळात अगदी असंच एक उदाहरण घडत होतं. बशीर अहमद, जन्म अमृतसरचा, १९६१ ला ग्लासगोला आले, बस कंडक्टर, मग ड्रायव्हर, मग दुकान, मग हॉटेलं. २००३ ला ग्लासगोचे नगरसेवक आणि २००७ ला स्कॉटिश पार्लमेंटमधले पहिले आशियाई आणि पहिले मुस्लिम सदस्य, तेही स्वातंत्र्यवादी एसएनपीकडून, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीकडून. ते शेवटपर्यंत पक्षातच राहिले, २००९ च्या फेब्रुवारीत वारले. त्यांच्या ऑफिसात काम करणारा पोरगा हमजा युसफ पुढे स्कॉटलंडचा फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथला मुख्यमंत्री झाला. म्हणजे अस्मितेच्या पक्षात स्थलांतरित टिकतच नाही असं अजिबात नाही. अस्गर टिकले नाहीत एवढंच.

आता २००७ कडे. वेल्सची असेंब्ली १९९९ ला सुरू झाली, जागा ६०. पहिल्या दोन निवडणुकांत एकही बिगरगोरा सदस्य नाही, शून्य. २००७ ला अस्गर पहिले. पण ते निवडून कसे आले हे नीट समजून घ्यायला पाहिजे कारण पुढची सगळी भानगड तिथेच आहे.

६० पैकी ४० जागा आपल्यासारख्याच, एक मतदारसंघ एक माणूस, ज्याला जास्त मतं तो आला. उरलेल्या २० पाच विभागांत वाटलेल्या, प्रत्येक विभागाला चार, आणि त्यासाठी मतदार दुसरं मत देतो ते पक्षाला. पक्षाने आधीच यादी लावलेली असते, एक नंबर कोण, दोन नंबर कोण, मतदार तो क्रम बदलू शकत नाही. जागा वाटताना पक्षाच्या मतांना त्याला आधी मिळालेल्या जागा अधिक एक, याने भागतात. समजायला गोल आकडे धरू. एका पक्षाला ७०,००० मतं पडली पण मतदारसंघाच्या सहा जागा त्याने आधीच जिंकल्यात, तर भागायचं सातने, राहिले १०,०००. दुसऱ्याला २६,०००च पण मतदारसंघ एकही नाही, तर एकने भागून २६,००० तसेच. पहिली जागा याला. मग याला भागायचं दोनने, १३,०००, तरीही तो ७०,००० वाल्याच्या पुढेच. म्हणजे ज्याला मतदारसंघ मिळाले नाहीत त्याची भरपाई यादीतून होते.

साउथ वेल्स ईस्ट विभागात २००७ ला हेच झालं. आठ मतदारसंघांपैकी सहा लेबरला, मनमथ टोरींना, ब्लाइनाय ग्वेंट अपक्षाला, प्लाइडला भोपळा. यादीच्या चार जागांपैकी एक टोरी, एक लिबरल डेमोक्रॅट आणि दोन प्लाइड. प्लाइडच्या यादीत एक नंबरला जोसलिन डेव्हिस, दोन नंबरला अस्गर. त्यात २००६ च्या कायद्याने एक बंदी आणलेली की मतदारसंघ आणि यादी दोन्हीकडे उभं राहता येणार नाही (ही बंदी २०१४ च्या कायद्याने उठली), त्यामुळे अस्गर यांचं नाव फक्त यादीवर. स्वतःचा असा मतदारसंघच नाही. त्यांची आमदारकी शंभर टक्के दोन गोष्टींवर उभी होती, प्लाइडला पडलेली मतं आणि प्लाइडने दिलेला दोन नंबर.

पुढे निकालाचं गणित बघा. लेबर २६, प्लाइड १५, टोरी १२, लिबरल डेमोक्रॅट ६, अपक्ष १. बहुमताला ३१ पाहिजेत. काही आठवडे चर्चा, बैठका, रुसवेफुगवे आणि मग जुलैत लेबर आणि प्लाइडचं आघाडी सरकार. प्लाइड पहिल्यांदाच सत्तेत, त्यांचे नेते यूअन विन जोन्स उपमुख्यमंत्री. अस्गर सत्ताधारी बाकांवरचे साधे सदस्य.

८ डिसेंबर २००९. अस्गर प्लाइड सोडून कॉन्झर्वेटिव्ह पक्षात गेले. असेंब्लीत आधी पक्ष सोडलेले लोक होते, लेबरमधून भांडून बाहेर पडलेले पीटर लॉ, जॉन मारेक वगैरे, पण ते सरळ समोरच्या प्रस्थापित पक्षाच्या बाकावर जाऊन बसले नव्हते. एका बाकावरून उठून दुसऱ्या पक्षाच्या बाकावर बसलेले अस्गर पहिले. म्हणजे दोन पहिले नंबर त्यांच्या नावावर, पहिला अल्पसंख्याक सदस्य आणि पहिला पक्षांतर करणारा, आणि दुर्दैव असं की बातमीत दोन्ही एकत्र यायचे.

वेळ पण काय निवडली बघा. त्याच आठवड्यात वेल्सचा मुख्यमंत्री बदलत होता, रॉड्री मॉर्गन जाऊन कारविन जोन्स येत होते, सगळे कॅमेरे कार्डिफमध्येच. टोरींचे वेल्समधले नेते निक बोर्न यांना आयतीच बातमी मिळाली. सरकारला धोका होता का, तर काडीचाही नाही. आघाडीचे ४१ होते ते ४० झाले. प्लाइड १४, टोरी १३. आपल्याकडे पक्षांतर म्हणजे सरकार पाडायला किंवा वाचवायला, इथे तसला काहीच हिशेब नव्हता. टोरींना पुढच्या वर्षीच्या लोकसभेच्या तोंडावर, नेते डेव्हिड कॅमेरून पक्षाचा चेहरा बदलत असताना, वेल्समधला एकमेव अल्पसंख्याक आमदार मिळाला हाच फायदा. म्हणजे २००४ ला प्लाइडला जे पाहिजे होतं तेच आता टोरींना पाहिजे होतं.

कारण काय दिलं, तर विचार जुळत नाहीत, आपली मतं टोरींच्या जवळची आहेत आणि प्लाइडचा स्वतंत्र वेल्सचा रस्ता आपला नाही. आता प्लाइडला स्वतंत्र वेल्स पाहिजे हे पेपर वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं, नगरसेवक म्हणून तीन वर्षं आणि आमदार म्हणून अडीच वर्षं काढल्यावर ते लक्षात येणं हे जरा जडच जातं पचायला. पण दुसरी बाजूही आहे. पेशावरला ब्रिटिश राजवटीत जन्मलेला, स्वतःचा धंदा असलेला, ब्रिटनला आपलंसं करून बसलेला माणूस टोरी निघाला यात आश्चर्य कसलं? उलट तो प्लाइडमध्ये होता हेच जास्त नवल होतं. मला तरी वाटतं की २००९ ला तो जिथे गेला ती त्याची खरी जागा होती आणि २००४ ला पकडलेली शिडी दुसऱ्याची होती.

साहजिकच प्लाइडवाले खवळले. त्यांचा मुद्दा साधा होता, लोकांनी मत पक्षाला दिलं, मग जागा पक्षाची. आणि तर्काला तो पक्का आहे. मतदारसंघातून आलेला आमदार निदान म्हणू शकतो की लोकांनी मला बघून मत दिलं, माझं काम बघितलं. यादीवाल्याला ते म्हणायची सोय नाही.

पण कायदा काय म्हणत होता? कायदा दोन तोंडांनी बोलत होता. यादीवरचा सदस्य वारला किंवा त्याने राजीनामा दिला तर पोटनिवडणूक नाही, तो ज्या यादीवरून आला त्याच यादीवरच्या पुढच्या माणसाला जागा. म्हणजे तिथे कायदा मानतो की जागा पक्षाची. पण तोच सदस्य जिवंत राहून दुसऱ्या पक्षात गेला तर जागा त्याच्याकडेच. म्हणजे तिथे जागा माणसाची. समजा अस्गर २०१० मध्ये टोरी म्हणून बसलेले असताना वारले असते, तर त्यांची जागा टोरींना नाही, प्लाइडच्या यादीतल्या पुढच्या नावाला गेली असती. भाड्याच्या खोलीसारखा प्रकार, राहताय तोवर भिंतीला कुठलाही रंग द्या, सोडून गेलात की किल्ली मूळ मालकाकडे.

आपल्याकडे हे चाललं नसतं. १९८५ ची दहावी अनुसूची आमदार-खासदारांना, आणि नगरसेवकांसाठी महाराष्ट्राचा वेगळा १९८६ चा कायदा. एकटा माणूस असा उठून दुसऱ्या पक्षात गेला तर अपात्र. म्हणून तर आपल्याकडे कुणी एकटं जात नाही, दोन तृतीयांश घेऊनच जातात, आणि मग जाणारे सांगतात आम्ही गेलोच नाही, आम्हीच पक्ष आहोत. यादी पद्धत असलेल्या न्यूझीलंडनेही पक्ष सोडणाऱ्याची जागा काढून घेता येईल असा कायदा २००१ ला केला, तो संपला, मग २०१८ ला परत केला. ब्रिटनमध्ये मात्र खासदार हा पक्षाचा नोकर नाही ही परंपरा जुनी, खुद्द चर्चिल टोरीतून लिबरलमध्ये गेले आणि परत टोरीत आले. ती परंपरा एक माणूस एक मतदारसंघ या पद्धतीसाठी होती, ती जशीच्या तशी यादीच्या जागेला लावली आणि घोटाळा झाला.

पुढे २०११ ची निवडणूक आली. अस्गर टोरींच्या यादीवर, दोन नंबरला, आणि निवडून आले. त्यांचे समर्थक म्हणणार, बघा लोकांनी कौल दिला. पण थांबा जरा, लोकांनी मत दिलं टोरी पक्षाला, अस्गर यांना माफ केलं की नाही हे त्या मतपेटीतून कळायला मार्गच नाही. आणि गंमत म्हणजे त्या विभागात प्लाइडच्या परत दोनच जागा आल्या, जोसलिन डेव्हिस आणि लिंडसे व्हिटल. म्हणजे पक्षांतरामुळे प्लाइडचं कायमचं नुकसान शून्य, मतदाराने त्यांची जागा त्यांना परत दिली. टोरींची एकाची दोन झाली. मेले ते लिबरल डेमोक्रॅट, ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. लंडनमध्ये ते टोरींसोबत सत्तेत गेले त्याचा राग लोकांनी वेल्समध्ये काढला.

त्या लिबरल डेमोक्रॅट जागेची पण वेगळीच कथा. २००७ ला तिथे माइक जर्मन निवडून आलेले, २०१० ला ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले, जागा रिकामी, यादीतलं पुढचं नाव कोण तर व्हेरॉनिका जर्मन, त्यांची बायको. कुठलीही निवडणूक न होता नवऱ्याची जागा बायकोला, आणि सगळं अगदी कायदेशीर. घराणेशाही फक्त बारामतीत आणि मातोश्रीवर असते असं समजणाऱ्यांनी हे वाचावं.

आणि निक बोर्न? ज्यांनी अस्गर यांना हार घालून पक्षात घेतलं ते स्वतः २०११ ला पडले. टोरी हरले म्हणून नाही, जिंकले म्हणून! त्यांच्या मिड अँड वेस्ट वेल्स विभागात पक्षाने मतदारसंघाच्या जागा जास्त जिंकल्या, त्यामुळे भरपाईची यादीजागा गेली, आणि बोर्न फक्त यादीवर होते. पक्षाच्या राज्यभरात १२ च्या १४ झाल्या आणि नेता घरी. आलेला पाहुणा आत, यजमान बाहेर.

अस्गर यांच्या कामाबद्दल फार मोठं काही लिहिता येत नाही, मंत्री ते कधी झाले नाहीत कारण टोरी वेल्समध्ये सत्तेतच आले नाहीत. एक विषय मात्र त्यांनी मनापासून लावून धरला आणि तो म्हणजे क्रिकेट. स्कॉटलंडची टीम आहे, आयर्लंडची आहे, मग वेल्सची का नाही, हा प्रश्न ते असेंब्लीत विचारायचे. वेल्सचा खेळाडू इंग्लंडकडूनच खेळतो, बोर्डाचं नावच इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्ड. आपल्या जुन्या लोकांना आठवेल, १९७२-७३ ला भारतात आलेल्या इंग्लंड टीमचा कप्तान टोनी लुइस होता, स्वान्सीचा, ग्लॅमॉर्गनचा, म्हणजे पक्का वेल्श. दिल्लीची पहिली टेस्ट जिंकला आणि मग वाडेकरच्या टीमने मालिका २-१ ने घेतली. हरलं कोण, तर इंग्लंड. वेल्सचं नाव जिंकण्यात नाही आणि हरण्यातही नाही. ग्लॅमॉर्गनशी आपला संबंध पुढेही राहिला, रवी शास्त्री १९८७ पासून काही सीझन तिकडेच खेळत होता.

अस्गर यांची मागणी मुख्यमंत्री कारविन जोन्स यांनाही पटण्यासारखी वाटत होती, पण ग्लॅमॉर्गन आणि क्रिकेट वेल्स दोघेही विरोधात. कारण सरळ, पैसा. मोठ्या बोर्डाचा निधी येतो, कार्डिफच्या सोफिया गार्डन्सला मोठ्या मॅच मिळतात, २००९ ला तर अ‍ॅशेसची पहिली टेस्ट तिथे झाली. वेगळी टीम काढली तर हे सगळं जाईल. हाच युक्तिवाद टोरी लोक स्वतंत्र वेल्सच्या विरोधात करतात, मोठ्या घरात राहिलो तर पैसा येतो. आणि अस्गर यांना देश म्हणून मोठं घर पाहिजे होतं, क्रिकेटमध्ये वेगळी चूल पाहिजे होती. मला हा विरोधाभास फार आवडतो. पेशावरच्या माणसाचं वेल्शपण पार्लमेंटच्या अधिकारात अडकलेलं नव्हतं, ते ११ जणांच्या टीममध्ये होतं. प्लाइडला हे कळलं असतं तर कदाचित त्याला असल्या कामाला लावून ठेवता आलं असतं, पण जाऊ दे.

२०१६ ला परत टोरी यादीवरून निवडून आले. त्या वेळी त्याच विभागातून युकिपचे, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडावं म्हणणाऱ्या पक्षाचे, मार्क रेकलेस आले. हे आधी वेस्टमिन्स्टरमध्ये टोरी खासदार, २०१४ ला युकिपमध्ये, २०१६ ला वेल्सच्या असेंब्लीत युकिपच्या यादीवरून, २०१७ ला टोरी गटात, २०१९ ला ब्रेक्झिट पार्टीत, २०२० ला वेल्सची असेंब्लीच बरखास्त करा म्हणणाऱ्या पक्षात. एका टर्ममध्ये चार पाट्या, जागा तीच, आणि लोकांनी मत दिलेलं फक्त पहिल्या पाटीला. त्यांच्यासमोर अस्गर म्हणजे अगदी एकनिष्ठ कार्यकर्ते वाटायला लागले.

१६ जून २०२० ला अस्गर अचानक वारले, वय ७४. दीडच महिना आधी असेंब्लीचं नाव बदलून सेनेध, म्हणजे वेल्सचं पार्लमेंट झालेलं. कोविडचे दिवस. सगळ्या पक्षांचे लोक चांगलं बोलले, मनमिळाऊ माणूस होता यावर कुणाचं दुमत नव्हतं. जागा नियमाप्रमाणे टोरी यादीतल्या पुढच्या नावाला गेली, लॉरा अ‍ॅन जोन्स.

२०२१ ला त्याच साउथ वेल्स ईस्टमधून टोरी यादीवर अस्गर यांची मुलगी नताशा निवडून आल्या, सेनेधमधल्या पहिल्या बिगरगोऱ्या महिला. यांनीही २००७ ला ब्लाइनाय ग्वेंटमधून प्लाइडकडून निवडणूक लढवलेली आणि नंतर बापाबरोबर टोरी झालेल्या, पण मधल्या काळात जिंकायची आशा नसलेल्या मतदारसंघांतून टोरींसाठी लढून हरल्याही, त्यामुळे नुसती वारसाहक्काची जागा म्हणणं अन्यायाचं होईल. घराणं आहे, मेहनत पण आहे. बाकी स्थलांतरितांच्या बाबतीतही चित्र सावकाश का होईना बदललं, २०११ ला आलेले व्हॉन गेथिंग, जन्म झांबियाचा, तेही आधी कार्डिफचे नगरसेवक, मार्च २०२४ ला वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर झाले, काही महिन्यांत जावंही लागलं ती गोष्ट वेगळी.

आणि लॉरा अ‍ॅन जोन्स, ज्यांना अस्गर यांची जागा मिळाली? २०२१ ला त्या परत टोरी यादीवरून आल्या आणि जुलै २०२५ मध्ये रिफॉर्म यूके पक्षात गेल्या. सेनेधमधल्या त्या पक्षाच्या पहिल्या सदस्य. टोरी चिडले, राजीनामा द्या म्हणाले. १६ वर्षांपूर्वी प्लाइडने जे वाक्य टोरींना ऐकवलं होतं तेच आता टोरी दुसऱ्याला ऐकवत होते आणि उत्तरही तेच मिळालं. विभाग साउथ वेल्स ईस्टच.

२०२४ च्या कायद्याने आता सगळी रचनाच बदलली. २०२६ च्या निवडणुकीपासून ६० ऐवजी ९६ सदस्य, १६ मतदारसंघ, प्रत्येकात सहा जागा, आणि सगळ्याच्या सगळ्या पक्षाच्या बंद यादीवरून. एक माणूस एक मतदारसंघ हा प्रकार संपला. तेव्हा २० जणांपुरता असलेला हा प्रश्न आता सेनेधमधल्या जवळजवळ प्रत्येकालाच विचारता येणार आहे.